सर्व्हर ‘नीट’ बंद करणं कुठून आलं?

नागपुरात आयटी पार्कापासून मिहानपर्यंत सर्व्हर सांभाळणाऱ्या जुन्या मंडळींना भारनियमनाचा काळ चांगलाच आठवतो. कोराडी-खापरखेड्याची वीज राज्यभर जायची, आणि आपल्याकडे दिव्याखाली अंधार. यूपीएस ओरडायला लागला की बॅटरी संपायच्या आत आधी ॲप्लिकेशन सर्व्हर (वापरणाऱ्यांच्या मागण्या, म्हणजे रिक्वेस्ट, हाताळणारा), मग डेटाबेस, शेवटी मशीन असा क्रम.

यामागची सोय बरीच जुनी. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 1979 च्या सातव्या आवृत्तीत चालू प्रोग्रॅमला ‘थांब’ सांगणारा 15 क्रमांकाचा सिग्नल होता, सिगटर्म. प्रोग्रॅम तो पकडतो, हातातलं काम आवरतो आणि थांबतो. 9 क्रमांकाचा सिगकिल मात्र पकडताच येत नाही, प्रोग्रॅम जागच्या जागी मरतो. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत 2000 साली, 1.3 आवृत्तीत, शटडाउन हुक आले. बंद होताना चालवायचा कोड तिथे लिहायचा. ‘किल मायनस नाइन’ या कमांडने सिगकिल मारलं की त्यातली एक ओळही चालत नाही.

टॉमकॅट या जावाच्या ॲप्लिकेशन सर्व्हरने वेगळी वाट काढली. तो 8005 पोर्टवर (मशीनशी जोडणी करायच्या क्रमांकित दारावर) ऐकत बसतो आणि मोठ्या लिपीत ‘शटडाउन’ एवढा शब्द आला की बंद होतो. त्याच मशीनवर लॉगिन असलेला कोणीही टेलनेटने (पोर्टला जोडून मजकूर पाठवणाऱ्या साधनाने) हे करू शकतो. म्हणून बरेच जण पोर्टच्या जागी उणे 1 लिहून ती वाटच बंद करतात.

डेटाबेस बदल करण्याआधी त्याची नोंद लॉगमध्ये लिहितो, त्यामुळे अचानक वीज गेली तरी कमिट (पक्कं) झालेलं सहसा सावरतो. माझ्या मते याच भरवशावर लोक निष्काळजी झाले. ॲप्लिकेशन सर्व्हरच्या मेमरीतल्या अर्धवट रिक्वेस्टला असा वाली नसतो: पैसे कापले गेले, ऑर्डरची नोंदच नाही.

2013 मध्ये ॲप वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं डॉकर आलं आणि घड्याळ माणसाच्या हातातून गेलं. ‘डॉकर स्टॉप’ ही कमांड सिगटर्म पाठवून मुळात 10 सेकंद थांबते, अनेक कंटेनर सांभाळणारं कुबरनेटिस 30. मग थेट सिगकिल. ॲप शेल स्क्रिप्टमधून (कमांडच्या यादीतून) ‘एक्झेक’शिवाय, म्हणजे शेलची जागा ॲपला न देता, सुरू केलं असेल, तर सिगटर्म बहुधा शेलपाशीच अडकतो आणि ॲपला पत्ताही लागत नाही.

जावा ॲप बांधायच्या स्प्रिंग बूट या चौकटीने चालू रिक्वेस्ट संपवून बंद होण्याची सोय 2020 मध्ये, 2.3 आवृत्तीत दिली, तीही मुद्दाम चालू करावी लागे. 2024 च्या 3.4 पासून ती आपोआप चालू असते. तिचीही मुदत 30 सेकंदच. पॉड (कुबरनेटिसमधला कंटेनरचा गट) थांबण्याआधी काही सेकंदांचा स्लीप, म्हणजे नुसतं थांबणं, टाकला असेल तर कुबरनेटिसचे 30 आधी संपतात, म्हणून तो आकडा तेवढा वाढवावा लागतो.