शर्यती कॅटामरान : साधनसामग्रीतील सुधारणा

लहान शर्यती कॅटामरान म्हणजे साधारण ४ ते ६ मीटर लांबीची, एक किंवा दोन खलाशांनी हाकायची, जोड-अंगाची शिडाची नौका. तिचे दोन अरुंद हल, म्हणजे पाण्यावर तरंगणारी दोन अंगे, दोन आडव्या तुळयांनी जोडलेली असतात. तुळयांमध्ये ताणून बसवलेले जाळीदार कापड म्हणजे ट्रॅम्पोलिन. खलाशांना बसायला, सरकायला आणि पाय रोवायला तेवढीच जागा असते. दोन हल, दोन तुळया आणि एक डोलकाठी हा आराखडा १९६० च्या दशकाच्या अखेरीस पक्का झाला आणि आजही तो जवळपास तसाच आहे. त्यावर चढवलेली प्रत्येक वस्तू मात्र बदलली. हलचे लाकूड गेले, डोलकाठीचे अ‍ॅल्युमिनियम अनेक वर्गांतून गेले, पोलादी तारांची जागा दोरांनी घेतली, आणि अखेरीस काही वर्गांमध्ये हल पाण्याला टेकेनासे झाले.

या बदलांमागे वेगाची हाव होतीच, पण बारकाईने पाहिले तर बहुतेक सुधारणा एका जुन्या भीतीतून निघालेल्या दिसतात. एका हलची नौका जोराच्या झोतात कलते आणि कलताना शिडातला वारा आपोआप सांडते. कॅटामरान रुंद असल्यामुळे सहजी कलत नाही. वाऱ्याचा सगळा जोर ती पुढे ढकलण्यात खर्च करते आणि हा जोर उंच डोलकाठीवरून येत असल्याने वाऱ्याखालच्या, म्हणजे वारा जिकडे वाहतो त्या बाजूच्या, हलची नाळ, म्हणजे पुढचे टोक, खाली दाबली जाते. नाळ पाण्यात घुसली की नौका जागच्या जागी अडते आणि मागचा भाग वर उठून सगळी नौका पुढच्या पुढे कोलांटी खाते. खलाशी याला पिचपोल म्हणतात. शीड, डोलकाठी, पाते (म्हणजे बाजूला घसरणे रोखायला हलखाली पाण्यात उतरवलेली फळी) आणि सुकाणू यांतली कोणतीही नवी सोय नाळ खाली जाण्यावर काय परिणाम करते, हे आधी पाहावे लागते.

सुरुवात. ‘कॅटामरान’ हा शब्द तमिळमधील ‘कट्टुमरम’ म्हणजे ‘बांधलेले लाकूड’ यावरून आला. मूळ कट्टुमरम हा ओंडक्यांचा तराफा असतो. जोड-अंगाच्या नौकेची खरी परंपरा पॉलिनेशियाची, आणि उलांडीची होडी हे तिचेच भावंड. पाश्चात्त्य शर्यतींत ही कल्पना नॅथानिएल हेरशॉफ यांनी आणली. त्यांच्या ‘अमॅरिलिस’ने १८७६ मध्ये न्यूयॉर्कच्या शर्यतीत नेहमीच्या नौकांना सहज मागे टाकले आणि त्यापायीच ती बाद ठरवली गेली. पुढे सुमारे ७५ वर्षे हा प्रकार कडेलाच राहिला. १९५० च्या दशकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये रोलँड आणि फ्रान्सिस प्राउट या कयाक चालवणाऱ्या भावांनी आधी दोन कयाक जोडून प्रयोग केले आणि त्यातून ‘शीअरवॉटर’ ही शर्यतीची कॅटामरान घडवली. १९६० च्या दशकात नौका-शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने लांबी, रुंदी आणि शिडाचे क्षेत्रफळ यांवरून अ, ब, क, ड असे वर्ग पाडले. ‘ब’ वर्गासाठी रॉडनी मार्च यांनी १९६७ मध्ये आखलेली ‘टोर्नेडो’ ६.१० मीटर लांब आणि ३.०५ मीटर रुंद होती. १९७६ ते २००८ ती ऑलिंपिकमध्ये राहिली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात होबी आल्टर यांनी लाटांतून थेट किनाऱ्यावर चढवता येतील अशा ‘होबी १४’ आणि ‘होबी १६’ बनवल्या. होबी १६ च्या एक लाखाहून अधिक नौका तयार झाल्या. टोर्नेडो आणि होबी या दोन घराण्यांचा फरक पुढील सगळ्या चर्चेत कामाला येतो, कारण एकीकडे सुधारणांना दार किलकिले होते आणि दुसरीकडे ते जाणीवपूर्वक बंद ठेवले गेले.

हल आणि पाती. पहिल्या टोर्नेडो पातळ प्लायवुडच्या होत्या. सपाट फळ्या कडेने शिवून आणि पीळ देऊन गोलाई आणायची, अशी ती पद्धत. हे हल हलके आणि ताठ असत, पण ओल लागली की लाकूड जड होई. पुढे काचतंतू आले, मग दोन पातळ थरांमध्ये फोमचा गाभा भरलेली बांधणी आली आणि खुल्या वर्गांत कार्बनतंतू आले. फोमच्या बांधणीचा एक दोष जुनी नौका घेणाऱ्याला माहीत असावा. आतला थर गाभ्यापासून सुटला तरी बाहेरून काहीच दिसत नाही. अंगठ्याने दाबल्यावर पृष्ठभाग दबला किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तरच कळते.

आकारातला बदल याहून महत्त्वाचा आहे. जुन्या हलचा माथा सपाट आणि नाळ पुढे झुकलेली असे. नाळ बुडाली की त्या सपाट माथ्यावर पाणी चढून बसे आणि ती वर यायला नकार देई. नंतर नाळेत घनफळ वाढवले, माथा गोल केला आणि नाळेचे टोक मागे कललेले ठेवले. अशी नाळ लाटेत शिरते तशीच न अडखळता बाहेर पडते.

बाजूला घसरणे रोखायला होबी १६ चे हल मुद्दाम विषम कापलेले होते, म्हणजे एक बाजू फुगीर आणि दुसरी सपाट. पाते नसल्याने ती वाळूवर बेधडक चढे, पण दिशा पालटताना मध्येच अडकून पडे. टोर्नेडोने पाते वापरले. पुढे सरळ खाली उतरणारी डॅगरबोर्ड शर्यती नौकांवर रूढ झाली आणि ती उत्तरोत्तर लांब आणि अरुंद होत गेली, कारण अरुंद लांब पाते तेवढ्याच ओढीत जास्त पकड देते. त्याची किंमत म्हणजे ते तळाला लागले की पात्याबरोबर हलची खोबणही फुटते.

डोलकाठी आणि शीड. कॅटामरानची डोलकाठी फिरते, हे तिचे वैशिष्ट्य. थेंबाच्या आकाराचा छेद असलेली काठी वाऱ्याकडे वळवली की तिच्या आणि शिडाच्या जोडापाशी वाऱ्याचे भोवरे कमी होतात. काठी किती वळावी हे एका लहान दोराने ठरते. तिला आडव्या काड्या आणि डायमंड नावाच्या तारांनी आधीच थोडा बाक दिलेला असतो, आणि शीड त्या बाकाशी जुळवूनच कापतात. म्हणून काठी बदलून जुने शीड चढवले की दोन्हींचा विचका होतो. ‘अ’ वर्गात १९९० च्या दशकात कार्बनची काठी आली. वर टोकाशी वाचलेला एकेक किलो नाळ खाली दाबणाऱ्या तरफेतून वजा होतो, म्हणून या एका बदलाचा लाभ वजनकाट्यावर दिसतो त्यापेक्षा फार मोठा आहे. होबीच्या काठीतला एक बदल मात्र वेगासाठी नव्हता. अ‍ॅल्युमिनियमची काठी विजेच्या तारांना लागून जीव गेले, तेव्हा १९८० च्या दशकात काठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या काचतंतूचा करण्यात आला. या सगळ्या इतिहासातली सर्वात मोलाची सुधारणा कोणती, असे विचारले तर या लेखकाचे बोट तिथेच जाईल.

शिडाचे कापड सुतीवरून पॉलिएस्टरवर गेले, नंतर ताणत नाही असे मायलर फिल्मचे थर आले. पण खलाशाच्या हातातला खेळ बदलला तो डाउनहॉलने. शिडाची पुढची कड खाली ओढणारा हा दोर जोराने खेचला की काठीला बाक येतो, शिडाचा वरचा भाग सपाट होतो, मागची कड उघडते आणि वारा वरून सांडतो. पूर्वी हा दोर एकदा आवळून विसरायचा असे. आता कप्प्यांच्या माळेने तो आठास एक किंवा सोळास एक अशा लाभाने ओढता येतो आणि ट्रॅपीझवर, म्हणजे काठीवरून सोडलेल्या तारेला, नौकेबाहेर लटकलेला खलाशी प्रत्येक झोताला तो खेचतो-सोडतो. रुंद, चौकोनी माथ्याचे शीड हेच काम काही प्रमाणात आपोआप करते, कारण झोत येताच माथा पिळला जाऊन वारा सोडतो.

स्पिनेकर. १९९० च्या दशकात पुढे नळी काढून तिच्यावर असममित स्पिनेकर, म्हणजे वाऱ्याबरोबर जाताना पुढे फुलवायचे मोठे, हलके शीड, लावण्याची पद्धत रुळली. फॉर्म्युला १८ हा वर्ग याच काळातला. ५.५२ मीटर लांबी, २.६० मीटर रुंदी आणि किमान १८० किलो वजन या चौकटीत कोणत्याही कारखान्याने आपली नौका काढावी, असा त्याचा नियम. सिडनी ऑलिंपिकनंतर टोर्नेडोनेही २५ चौरस मीटरचा स्पिनेकर आणि दोन्ही खलाशांसाठी ट्रॅपीझ स्वीकारला. हे रूप २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा उतरले. सिडनीत जुन्या साधनांवर सुवर्ण जिंकणारे ऑस्ट्रियाचे रोमान हागारा आणि हान्स पेटर श्टाइनाखर अथेन्समध्ये नव्या साधनांवरही जिंकले.

एवढे मोठे कापड अरुंद नौकेवर दोघांनी आवरणे शक्य झाले ते स्नफरमुळे. स्नफर ही लांब कापडी पिशवी असते आणि तिचे तोंड नळीवर असते. एकाच सलग दोराचे एक टोक ओढले की स्पिनेकर वर चढतो, दुसरे ओढले की तो पिशवीत गिळला जातो. त्यापूर्वी ओल्या कापडाचा गोळा हाताने गोळा करावा लागे, आणि तेवढ्या वेळात सुकाणू, शीड, तोल यांपैकी काहीतरी सुटे.

जुन्या नौकेवर स्पिनेकर चढवण्याचा मोह अनेकांना होतो. पण फक्त नळी आणि कापड आणून भागत नाही. स्पिनेकर काठीला वरून पुढे ओढतो आणि त्या जागी मागून ओढणारी तार नसते. तिथे काठीला आधार मिळतो तो मेनशीट, म्हणजे मुख्य शीड आत ओढणारा दोर, आवळल्याने घट्ट झालेल्या मुख्य शिडाच्या मागच्या कडेचा. म्हणून स्पिनेकर फुललेला असताना घाबरून मेनशीट पूर्ण सोडू नये. तशाने कित्येक काठ्या मोडल्या आहेत. ज्या काठीच्या डायमंड तारा खालीच संपतात, तिच्यावर हा भार टाकणे धोक्याचे. नळीला खाली आणि बाजूंना धरणाऱ्या दोरांसाठी नाळेवर पक्की जागा लागते, ती जुन्या हलमध्ये आतून मजबूत करून घ्यावी लागते.

दोर आणि कप्प्या. या सुधारणा छायाचित्रात दिसत नाहीत, पण हाताला सर्वात आधी जाणवतात. बॉल बेअरिंगच्या कप्प्या आणि एकाच दिशेने सहज फिरणाऱ्या रॅचेट कप्प्या यांमुळे मेनशीट तासभर हातात धरणे सुसह्य झाले. डायनीमा हा पॉलिएथिलीनचा तंतू वजनाच्या मानाने पोलादाहून कित्येक पट बळकट आहे आणि फार थोडा ताणतो. शीड चढवायच्या तारा, ट्रॅपीझच्या तारा, ट्रॅम्पोलिनच्या बांधण्या हे सर्व त्याचे होत गेले. मात्र तो अखंड भाराखाली हळूहळू लांबतो, धारदार कडेवर घासला की कापला जातो आणि उन्हाने झिजतो. पोलादी तार तुटण्याआधी एखादा धागा बाहेर काढून इशारा देते. दोराची तशी खूण नसल्याने तो ठरावीक काळाने बदलावा हे बरे.

पाण्यावरून हवेत. पाण्याखालच्या पंखांवर नौका उचलण्याची कल्पना जुनी आहे. टोर्नेडोला पंख लावून केलेल्या ‘इकारस’ने १९७० च्या दशकातच वेगाचे विक्रम केले होते. पण वळणे, लाटा आणि पडता वारा सांभाळून संपूर्ण शर्यत उडत पुरी करणे तेव्हा जमले नाही. ‘अ’ वर्गात, म्हणजे ५.४९ मीटर लांब, २.३० मीटर रुंद, किमान ७५ किलो वजनाच्या एकट्याच्या नौकेत, आधी बाकदार पाती आली. ती वाऱ्याखालच्या हलला थोडे वर उचलून धरत. नौका पूर्ण उडू नये म्हणून २००९ मध्ये नियम झाला की पाते हलमध्ये वरूनच घालता आले पाहिजे. खाली आडवा पंख असलेले सरळ पाते त्यामुळे बाद झाले. आखणाऱ्यांनी मग झेड आकाराची पाती केली. ती वाकवत वाकवत वरून आत जातात, नियमात बसतात आणि उडतातही. सुकाणूच्या तळाला उलट्या टी सारखा आडवा पंख बसला आणि नौकेचे पुढे-मागे डोलणे त्याने आवरले. ज्या कोलांटीची भीती इतकी वर्षे होती तिच्यावरचा हा सर्वात थेट उपाय. पण उडती नौका जेव्हा पंखावरून घसरते तेव्हा वेग खूपच जास्त असतो. त्यामुळे शिरस्त्राण, छातीला गादी असलेले जाकीट आणि अडकलेला दोर कापायची सुरी हीही आता साधनसामग्रीत धरावी लागतात.

२०१५ च्या आसपास याच वर्गात शिडाची खालची कड थेट ट्रॅम्पोलिनला टेकवण्याची रीत आली. खालच्या फटीतून वारा निसटणे थांबले आणि जोराचा केंद्रबिंदूही खाली आला.

नियमांचे हात. वर्गाचे नियम हे सुधारणांचे खरे सुकाणू. होबी १६ मध्ये शीड, काठी, सुकाणू सर्व मूळ निर्मात्याचेच लागते. म्हणून खूप जुनी नौकाही नव्या शिडावर मानाने धावू शकते. फॉर्म्युला १८ मध्ये काठी अ‍ॅल्युमिनियमचीच, त्यामुळे खर्चाला लगाम. ‘क’ वर्गात बंधने जवळपास नव्हतीच आणि तिथे कापडाऐवजी विमानासारखे ताठ पंख उभे राहिले. ते डोळ्यांचे पारणे फेडत, पण ती मूठभर लोकांची गोष्ट राहिली.

ऑलिंपिकमधील नॅक्रा १७ हे मधले उदाहरण. २०१६ च्या रिओ स्पर्धेत तिला बाकदार पाती होती आणि ती पाण्यालगतच धावे. २०१७ पासून झेड पाती आणि टी सुकाणू बसवून तिला पूर्ण उडती केले गेले. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये इटलीच्या रुजेरो टीटा आणि कातेरिना बांती यांनी या रूपातल्या नौकेवर सुवर्णपदक मिळवले. ‘अ’ वर्गाने दुसरा मार्ग घेतला आणि उडणाऱ्यांचा ‘ओपन’ आणि न उडणाऱ्यांचा ‘क्लासिक’ असे दोन ताफे केले. क्लासिकमध्ये वयस्कर खलाशी आणि जुन्या नौका मोठ्या संख्येने उतरतात, आणि वारा पडल्यावर पंख निरुपयोगी ठरले की कधीकधी त्या ओपनवाल्यांच्या पुढेही निघतात.