मिश्रणाचे वजन आणि शिक्षेची वर्षे

अंमली पदार्थांविषयीच्या १९६१ आणि १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारांनी घातलेल्या जबाबदाऱ्या पार पाडण्यासाठी भारताने १८५७ व १८७८ चे अफूविषयक कायदे आणि १९३० चा घातक औषधांचा कायदा रद्द करून नोव्हेंबर १९८५ मध्ये एनडीपीएस (अंमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ) कायदा लागू केला. हेरॉइनच्या गुन्ह्यात किमान १० वर्षांची सक्तमजुरी ठरली. स्वतःच्या सेवनापुरत्या अल्प साठ्याला सवलत होती. मात्र तो सेवनासाठीच होता, हे आरोपीनेच सिद्ध करायचे होते. त्यामुळे व्यसनी माणूस आणि मोठा तस्कर एकाच शिक्षेच्या कक्षेत येण्याचा धोका कायम राहिला.

ऑक्टोबर २००१ मधील दुरुस्तीने शिक्षा मुद्देमालाच्या प्रमाणाशी जोडली. हेरॉइनसाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी ते अल्प प्रमाण आणि २५० ग्रॅमपेक्षा जास्त ते व्यावसायिक प्रमाण धरले गेले. व्यावसायिक प्रमाणासाठी १० ते २० वर्षांची शिक्षा आणि जामिनाच्या अत्यंत कडक अटी आहेत. दोहोंच्या मधल्या प्रमाणाला कमाल १० वर्षांची शिक्षा असली, तरी किमान मर्यादा नाही. पण प्रमाण मोजायचे कशाचे, हे स्पष्ट नव्हते, आणि खरा गुंता तिथेच झाला.

२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात जप्त केलेली भुकटी सुमारे ४ किलो होती, परंतु रासायनिक विश्लेषणात तिच्यातील हेरॉइन जेमतेम दीड टक्का, म्हणजे अंदाजे ६० ग्रॅम निघाले. दोन न्यायमूर्तींच्या पीठाने केवळ हेरॉइनचेच वजन धरले आणि १० वर्षांची शिक्षा ६ वर्षांवर आणली. अपराधाच्या मानाने शिक्षा असावी, हा २००१ च्या दुरुस्तीचा हेतू या निकालाने अधिक प्रामाणिकपणे जपला, असे म्हणावे लागते. सरकारने मात्र नोव्हेंबर २००९ मध्ये अधिसूचना काढून संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे असे ठरवले, आणि एप्रिल २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती अधिसूचना वैध ठरवून २००८ चा निकाल चुकीचा मानला. रस्त्यावर अंमली पदार्थ शुद्ध स्वरूपात विकले जात नाहीत, हा त्यामागील युक्तिवाद वजनदार आहे. पण त्यामुळे भेसळ जितकी जास्त तितकी शिक्षा कडक होण्याची शक्यता वाढते, हे नाकारता येत नाही.

हाच प्रश्न एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या अंमली द्रव्याच्या बाबतीत आणखी टोकदार होतो. त्याचे व्यावसायिक प्रमाण ०.१ ग्रॅम आहे, आणि ते द्रव्य टिपकागदाच्या नखाएवढ्या चौकोनांत शोषलेले असते. त्या कागदाचे वजन मुद्देमालात धरावे की नाही, यावर न्यायालयांत दुमत झाले आहे.