खाणं बदललं, जुलाब झाले; म्हणजे ॲलर्जीच का?

कुत्र्याचं खाणं बदललं, दुसऱ्या दिवशी शी पातळ झाली, की लगेच निदान होतं: 'याला त्या खाण्याची ॲलर्जी आहे.' हा समज वर्षानुवर्षं फिरतोय आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

आतड्यातले जिवाणू रोजच्या खाण्याला सरावलेले असतात. प्रथिनं, चरबी, तंतू यांचं प्रमाण एकदम बदललं की त्यांचं संतुलन बिघडतं. न पचलेलं अन्न मोठ्या आतड्यात आंबतं, तिथे पाणी ओढलं जातं. मग गुडगुड, वायू, पातळ शी. खाणं वाईट नसतं, बदल घाईचा असतो.

ॲलर्जी वेगळी. ती बऱ्याचदा महिनोन्‌महिने खाल्लेल्या प्रथिनाचीच निघते, आणि तिची मुख्य खूण म्हणजे खाज: पंजे चाटणं, कान पुन्हा पुन्हा सुजणं. तिची खात्री करायला पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली साधारण 8 आठवडे ठरावीक आहार द्यावा लागतो. एका दिवसाच्या जुलाबावरून ती कळत नाही.

म्हणून नवं खाणं आधी पाव भाग, उरलेलं जुनं. मग अर्धं, मग पाऊण, असं 7 ते 10 दिवसांत बदला. पोट बिघडलंच तर एक पायरी मागे या.

माणसांची जुलाब थांबवायची गोळी मात्र मनाने कधीही देऊ नका. कोली जातीच्या काही कुत्र्यांना अशा गोळीतलं लोपेरामाइड हे औषध घातक ठरतं. शीमध्ये रक्त, सतत उलट्या, मरगळ दिसली किंवा पिल्लू लहान असेल, तर वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्या.