कॉलेजच्या दिवंगत माजी विद्यार्थ्यांच्या नोंदी (अमेरिका)

अमेरिकेतल्या जुन्या कॉलेजांची एक पद्धत आहे, आपल्याकडून पदवी घेऊन गेलेला माणूस वारला की त्याच्या आयुष्याची छोटीशी नोंद कॉलेजने छापायची. जन्म कुठला, आईवडील कोण, पुढे नोकरीधंदा काय केला, लग्न कोणाशी, मुलं किती, कशाने गेला, कुठे पुरलं. मग तो गव्हर्नर असो नाहीतर एखाद्या खेड्यात जन्मभर मास्तरकी केलेला असो, नोंद दोघांचीही. मोठ्या माणसांवर पेपरवाले लिहितातच, बाकीच्यांचं कोण लिहितंय, म्हणून या नोंदींची खरी किंमत दुसऱ्या प्रकारच्या माणसांसाठीच आहे असं माझं मत.

सुरुवात एकदम कोरडी होती. हार्वर्ड (स्थापना १६३६) दर तीन वर्षांनी पदवीधरांची यादी काढायचं, सगळी लॅटिनमध्ये, आणि जो वारला त्याच्या नावाच्या आधी एक चांदणी छापायची, बास, एवढीच श्रद्धांजली. १८व्या शतकात बराच काळ बॅचमधली नावं अकारविल्हे लावत नसत, घराण्याच्या मानाप्रमाणे लावायचे, म्हणजे मेल्यावरसुद्धा नंबर बापाच्या प्रतिष्ठेवरच! चांदणीच्या पुढे जाऊन प्रत्येकाचं चरित्र लिहायचं हे डोक्यात घेतलं जॉन लँगडन सिबली या हार्वर्डच्या ग्रंथपालाने. यादी संपादन करता करता माहिती गोळा होत गेली आणि १८७३ मध्ये पहिला खंड आला, पण १८८५ मध्ये स्वतः वारला तोवर तीनच खंड झाले होते आणि गाडी १६८९ च्या बॅचपर्यंतच पोचली होती. मागे पैसे ठेवून गेला म्हणून काम बंद पडलं नाही, २०व्या शतकात क्लिफर्ड शिप्टनने ते पुढे ओढलं, तेही चांगल्या तिरकस भाषेत, त्यामुळे ही चरित्रं वाचायला मजा येते (असल्या पुस्तकांबद्दल हे सहसा म्हणता येत नाही).

येलचं काम जास्त शिस्तीचं. फ्रँकलिन बोडिच डेक्स्टरने १७०१ ते १८१५ च्या पदवीधरांची चरित्रं १८८५ ते १९१२ मध्ये सहा जाडजूड खंडांत काढली, आणि त्याशिवाय १८६० च्या सुमारापासून १९५२ पर्यंत वर्षभरात वारलेल्यांची वेगळी नोंदवही दरवर्षी निघायची. न्यूमोनिया, हार्ट, अपघात, जे असेल ते मरणाचं कारण सरळ लिहिलेलं असायचं.

आता ही माहिती यायची कुठून? तर प्रत्येक बॅचचा एक सेक्रेटरी असतो, बॅचमधल्याच लोकांनी निवडलेला. दर काही वर्षांनी तो सगळ्यांना छापील प्रश्नावली पाठवणार, अर्धे लोक उत्तर देणार नाहीत, मग परत आठवण, मग भावाला पत्र, सासऱ्याला पत्र, पोस्टमास्तरला पत्र, आणि कोणी गेल्याचं कळलं की बायकोला किंवा मुलाला लिहून तारखा जुळवणार, आणि त्यातून ते वीस-तीस ओळींचं टिपण तयार होणार. हे चिकटपणाचं काम आहे आणि सेक्रेटरी आळशी निघाला की अख्खी बॅच पुसट होते. हार्वर्डच्या १८२९ च्या बॅचला मात्र नशिबाने ऑलिव्हर वेंडेल होम्स हा डॉक्टर-कवी वर्गमित्र म्हणून मिळाला होता, त्याने १८५१ ते १८८९ बॅचच्या गेट-टुगेदरसाठी कविता लिहिल्या, आणि दरवर्षी माणसं कमी होत जाताना त्या कवितांचा सूर कसा बदलत गेला ते सलग वाचलं की दिसतं.

मराठी माणसाला या नोंदींत आपलं काही सापडेल का, तर हो. विल्यम्स कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची चरित्रं कॅल्विन डर्फीने १८७१ मध्ये छापली, त्या कॉलेजच्या १८०८ च्या बॅचमधला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला, अमेरिकन मराठी मिशन (ख्रिस्ती धर्मप्रसारकांची संस्था) उभं करणाऱ्यांपैकी तो एक, आणि १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडच्या फिरतीवर असताना कॉलऱ्याने गेला. याच मिशनचे रॉबर्ट ॲलन ह्यूम तर जन्मलेच मुंबईत, १८४७ साली, येलची पदवी १८६८ ची आणि पुढचं बहुतेक आयुष्य अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर). दुष्काळातल्या कामासाठी त्यांना ब्रिटिश सरकारचं कैसर-ए-हिंद पदक मिळालं. १९२९ मध्ये वारले तेव्हा येलची नोंदवही चालूच होती. नगरच्या मिशनचा इतिहास शोधणाऱ्यांनी हे कागद चाळावेतच.

आणि आनंदीबाई जोशी. पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी ११ मार्च १८८६ ला, समारंभाला पंडिता रमाबाई हजर, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात मृत्यू, वय बावीससुद्धा पूर्ण नाही. कोल्हापूरच्या हॉस्पिटलमध्ये नेमणूक झाली होती पण तिथे काम सुरू करणं झालंच नाही. म्हणजे ‘पुढे काय केलं’ हा जो अशा नोंदीतला मुख्य रकाना, तो इथे रिकामा, तरी त्या कॉलेजच्या विद्यार्थिनींमध्ये आज सगळ्यात जास्त नाव त्यांचंच घेतलं जातं. कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी रमाबाईंच्या १८८७ च्या इंग्रजी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली त्यात आनंदीबाईंची हकिकत आहे. रक्षा अमेरिकेत कारपेंटर मावशींकडे (आनंदीबाई अमेरिकेत ज्यांच्या घरी राहिल्या त्या) पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत त्या घराण्याच्या जागेत ठेवली. दगड अजून आहे, मराठी मंडळी मुद्दाम जाऊन फोटो काढून येतात.

कोणाला आठवायचं यावरून भांडणंही असतात, ती युद्धाच्या स्मारकांत दिसतात. हार्वर्डच्या मेमोरियल हॉलमध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५, दक्षिणेला गुलामगिरी टिकवायची होती) उत्तरेकडून मेलेल्या १३६ जणांची नावं संगमरवरावर आहेत, दक्षिणेकडून लढून मेलेले हार्वर्डचेच विद्यार्थी त्यात नाहीत. येलने १९१५ मध्ये स्मारक केलं त्यात दोन्ही बाजू घेतल्या. पुढे हार्वर्डने १९३२ च्या चर्चमध्ये पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून मेलेल्या आपल्या ४ जणांसाठी वेगळी पाटी लावली. गुलामगिरीसाठी लढलेला आणि जर्मनीसाठी लढलेला यांना एकच माप लावायचं का, हा वाद तिथे अजून मिटलेला नाही आणि मिटेलसं वाटतही नाही.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठाची तऱ्हा वेगळी, तिथे छापील नोंदीपेक्षा हजेरीला मान. दरवर्षी २१ एप्रिलला (१८३६ च्या सान जासिंतो लढाईचा दिवस, या लढाईने टेक्सास मेक्सिकोपासून सुटलं) माजी विद्यार्थी जिथे असतील तिथे जमतात, वर्षभरात गेलेल्यांची नावं पुकारतात, आणि प्रत्येक नावाला घरचं कोणी किंवा मित्र ‘हजर’ म्हणून ओ देतो आणि मेणबत्ती लावतो. १९४२ मध्ये फिलिपिन्सच्या कॉरेगिडोर बेटावर जपानी तोफांच्या माऱ्यात जनरल जॉर्ज मूर (१९०८ ची बॅच) यांनी तिथल्या आपल्या कॉलेजवाल्यांची अशी आठवण जागवली, ती बातमी पेपरात आली आणि मग ही प्रथा सगळीकडे पसरली. पंधरा दिवसांत बेट पडलं.

या सगळ्यात एक उणीवही आहे. नोंदी सभ्य भाषेत असतात, माणसाच्या वाटेत काय आडवं आलं ते त्यात सहसा येत नाही. एडवर्ड बुशे हे अमेरिकन विद्यापीठातून पीएचडी मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय, येल, १८७६, विषय भौतिकशास्त्र, आणि नोकरी मिळाली ती फिलाडेल्फियात कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत शिकवायची, तिथे २६ वर्षं काढली. १९१८ मध्ये न्यू हेवनमध्ये, म्हणजे येलच्याच गावात वारले, आणि थडग्यावर नावाचा दगड येलने बसवला १९९८ मध्ये. शिवाय येलच्या बीएच्या वर्गात मुलींना १९६९ पर्यंत प्रवेशच नव्हता, त्यामुळे जुने खंड उघडले की बाई दिसते ती बहुतेक आई, बायको किंवा मुलगी म्हणून.

आज प्रिन्स्टनसारख्या ठिकाणी बॅचवार नेमलेला माणूस दोन-तीन परिच्छेदांचं टिपण लिहितो आणि ते १९०० पासून चालू असलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या मासिकात येतं, फेब्रुवारीत चॅपलमध्ये स्मरणसभाही होते. देणग्यांचं ऑफिसही या याद्यांवर डोळा ठेवून असतं, गेलेल्या माणसाला पैसे मागणारं पत्र गेलं की घरचे भडकतात, आणि मृत्युपत्रात कॉलेजला काही ठेवलंय का हेही बघायचं असतं. आपल्याकडे बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पडतात आणि दुसऱ्या दिवशी गुड मॉर्निंग सुरू, त्या माणसाने पस्तीस वर्षं नक्की काय काम केलं हे कुठेच उतरत नाही. येलच्या जुन्या नोंदवह्या स्कॅन करून फुकट ठेवलेल्या आहेत, नावांची सूची बहुतेक खंडांच्या शेवटी असते, शोधायला तिथूनच सुरुवात करावी.