दूषित मातीवरील उष्णता प्रक्रिया

वर्षानुवर्षे न कुजणारी सेंद्रिय रसायने उष्णतेच्या साहाय्याने मातीपासून सोडवून घेण्याच्या पद्धतींचा हा गट असून प्रयोगशाळांत ‘थर्मल डिसॉर्प्शन’ हेच नाव रूढ आहे. यात माती जाळली जात नाही. साधारणतः 100 ते 550 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून मातीच्या कणांना चिकटलेल्या रसायनाची वाफ केली जाते, आणि ती ओढून घेऊन पुढे वेगळ्या भट्टीत जाळली जाते किंवा सक्रिय कोळशात अडवली जाते. मराठवाड्यातील काळ्या, भारी जमिनीचे गुणधर्म या प्रक्रियेच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर आडवे येत असल्याने पीएच.डी. संशोधनासाठी हा विषय या भागात विशेष अर्थपूर्ण ठरतो.

ज्यांच्यासाठी ही पद्धत वापरली जाते त्या रसायनांवर 2001 मध्ये स्वीकृत झालेल्या आणि 2004 पासून अमलात आलेल्या स्टॉकहोम कराराने बंधने घातली. डीडीटी व आल्ड्रिन ही कीटकनाशके, पीसीबी (ट्रान्सफॉर्मरच्या तेलातील क्लोरीनयुक्त रसायने), डायॉक्सिन (ज्वलनात व काही रसायने बनवताना नकळत तयार होणारी विषे) आदी बारा रसायने वा रसायनगट आरंभीच्या यादीत होते. 2009 मध्ये लिंडेन आणि 2011 मध्ये एंडोसल्फान ही कीटकनाशके त्यात आली. भारताने हा करार 2006 मध्ये मान्य केला. कपाशीच्या पट्ट्यात एकेकाळी सर्रास धुरळली जाणारी बीएचसी या कीटकनाशकाची भुकटी (लिंडेन हा तिचाच एक घटक) देशात 1997 पासून बंद आहे, तर एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये बंदी घातली. मात्र उघड्या शेतातील विरळ अवशेषांसाठी उष्णता प्रक्रियेचा विचार करणेच गैर होय. कित्येक हेक्टर माती तापवण्याचा खर्च कोणालाही परवडणार नाही आणि त्यात जमिनीचे नुकसानच अधिक होईल. कीटकनाशकांची जुनी गोदामे, औषध कालवण्याच्या जागा, ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीची आवारे अशा ठिकाणी थोड्या मातीत पुष्कळ विष साठलेले असते, आणि ही पद्धत तिथेच शोभते.

प्रक्रियेत सर्वांत जास्त उष्णता खाणारी गोष्ट रसायन नव्हे, पाणी ही आहे. एक टन कोरडी माती 25 वरून 325 अंशांपर्यंत नेण्यास सुमारे 250 मेगाज्यूल उष्णता लागते. पण त्याच मातीत 20 टक्के ओलावा असेल, तर केवळ ते 200 लिटर पाणी उकळून उडवण्यास 510 मेगाज्यूलच्या आसपास खर्ची पडतात, आणि यात भट्टीची गळती धरलेली नाही. काळ्या मातीतील स्मेक्टाइट गटाची चिकणमाती आपल्या थरांच्या मध्ये पाणी धरून ठेवते, त्यामुळे वाफसा येऊन गेलेली, वरून भेगाळलेली जमीनही आतून पूर्ण कोरडी नसते. एप्रिल-मे महिन्यांतील ऊन येथे फुकटचे इंधन ठरते: ओलावा 20 वरून 8 टक्क्यांवर आणल्यास वरील हिशेबातील एकूण गरज सुमारे 760 वरून 460 मेगाज्यूलपर्यंत खाली येते. ही वाळवणी उघड्या खळ्यावर करता येत नाही, कारण धुळीबरोबर विषही उडते. त्यासाठी आच्छादित जागा लागते.

रसायन मातीतून सुटण्यासाठी त्याच्या उत्कलनबिंदूपर्यंत पोचणे आवश्यक नसते. तापमान वाढते तसा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन निसटण्याची ओढ, झपाट्याने चढतो आणि उत्कलनबिंदूच्या बऱ्याच खाली रसायन हवेत जाऊ लागते; वेळ मात्र अधिक द्यावा लागतो. व्हिएतनाममधील दा नांग विमानतळावर, युद्धकाळातील तणनाशकातून मातीत गेलेला डायॉक्सिन काढण्यासाठी, 2012 ते 2018 या काळातील प्रकल्पात सुमारे 90,000 घनमीटर माती व गाळ बंदिस्त ढिगांत 335 अंशांपर्यंत तापवण्यात आला. प्रत्यक्षात या डायॉक्सिनचा उत्कलनबिंदू 400 अंशांच्या वर आहे. मातीतून सुटण्याचा वेग आरंभी जास्त असतो, नंतर मंदावतो, कारण सूक्ष्म छिद्रांत आणि सेंद्रिय पदार्थात रुतलेला शेवटचा अंश सहजासहजी बाहेर येत नाही. म्हणूनच प्रयोगशाळेत स्वच्छ मातीत मुद्दाम रसायन मिसळून केलेल्या चाचण्या दिशाभूल करू शकतात: आठवड्यापूर्वी मिसळलेले लिंडेन आणि तीस वर्षे मुरलेले लिंडेन एकाच तापमानाला सारखे सुटत नाही. चांगल्या प्रबंधात दोन्ही नमुने असतात.

नमुने साधारणतः नलिका-भट्टीत नायट्रोजनच्या प्रवाहाखाली तापवले जातात, मग हेक्झेन-ॲसिटोनने अर्क काढून गॅस क्रोमॅटोग्राफ या, मिश्रणातील घटक वेगळे करणाऱ्या उपकरणावर मोजणी होते. मातीत उरलेले प्रमाण मोजून ‘अमुक टक्के निर्मूलन’ लिहिणे सोपे असते, पण तेवढ्यावर प्रबंध अपुरा राहतो. गेलेले रसायन वाफेत सापडले, विघटित झाले की दुसऱ्याच रूपात मातीत राहिले, याचा हिशेब जुळवावा लागतो. चुनखडीयुक्त, अल्कधर्मी काळ्या मातीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण अशा परिस्थितीत डीडीटीमधून हायड्रोजन क्लोराइड निघून डीडीई बनू शकते, आणि डीडीई स्वतःही चिवट असते. याखेरीज बाहेर पडलेले क्लोरीनयुक्त वायू 200 ते 450 अंशांच्या पट्ट्यातून सावकाश थंड झाले, तर धुळीवर नवे डायॉक्सिन तयार होण्याचा धोका असतो. म्हणून ते झटक्यात थंड करणे आणि नंतर कोळशातून नेणे हा यंत्रणेचा अनिवार्य भाग आहे.

प्रक्रियेनंतर माती कशी उरते, हा विषय बऱ्याचदा शेवटच्या प्रकरणात उरकला जातो, वस्तुतः तो मध्यभागी असायला हवा. 300 अंशांच्या पुढे सेंद्रिय कर्ब झपाट्याने कमी होतो आणि काळा रंग तपकिरी-तांबूस होऊ लागतो. 500 ते 700 अंशांच्या दरम्यान चिकणमातीच्या स्फटिकातील हायड्रॉक्सिल गट निघून जातात आणि फुगण्याचा गुण हरपतो. अशी माती ओली करून मुठीत दाबली तर चिकट गोळा होत नाही, विटेच्या चुऱ्यासारखी बोटांतून निसटते. त्यामुळे संशोधकाने शोधायचे ते कमाल तापमान नसून, विष पुरेसे निघेल आणि माती मातीच राहील असा मधला पट्टा होय. त्याची परीक्षा कर्ब, नत्र व धनभार-विनिमय क्षमता (पोषक द्रव्ये धरून ठेवण्याची मातीची ताकद) मोजून, आणि शेणखत मिसळून ज्वारी किंवा मुगाची उगवण पाहून घेतली जाते.

परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ ही अशा कामाची या भागातील स्वाभाविक ठिकाणे होत. विषय मृदाशास्त्र, रसायनशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र यांच्या सीमेवर असल्याने एकाच विभागात सर्व उपकरणे मिळण्याची शक्यता कमी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन वर्षे लागतात. त्यातला मोठा वाटा नमुने तयार करणे आणि मोजणीची पद्धत पक्की करणे यांतच जातो. प्रयोगशाळेतील वीस-तीस ग्रॅम चाळलेल्या मातीचे निष्कर्ष टनांच्या कामाला लावताना ढेकळांचा प्रश्न उरतो: भारी जमिनीचे ढेकूळ बाहेरून 350 अंशांना पोचले, तरी आतील ओलावा उडेपर्यंत त्याचा गाभा 100 अंशांच्या आसपासच अडकून राहतो, म्हणून भट्टीत घालण्यापूर्वी ते फोडून बारीक करावे लागते.