जर्मनच्या दोन होड्या

होडीत पाणी शिरू नये, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. आम्ही मात्र होडी घ्यायच्या आधी तिच्यात पाणीच भरलं. करमाळ्याच्या बाजूला, उजनी धरणाच्या काठावरच्या दाजींच्या वस्तीवर बोअरचा पाइप होडीत सोडला, चार-सहा बोटं पाणी चढू दिलं आणि खाली वाकून तळ बघत बसलो. तळाखाली विटा आणि जुने टायर लावून घेतले होते. सव्वाचार मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद तळावर दहा सेंटिमीटर पाणी उभं राहिलं, की अर्ध्या टनाचं ओझं होतं. पाच मिनिटांत रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या ठोकलेल्या खिळ्यांच्या, एका ओळीवर थेंब फुगले. दाजींनी खडूनं खुणा केल्या. सात निघाल्या.

होड्या दोन होत्या. दोन्ही जुन्या, दोन्ही १४ फुटी, दोन्ही ॲल्युमिनियमच्या, आणि किमतीतही फार फरक नव्हता. एकीचा तळ परातीसारखा सपाट, पत्रा १.६ मिलिमीटरचा, सांधे रिव्हेटचे. दुसरीचा तळ नांगराच्या फाळासारखा मध्ये उतरता, म्हणजे व्ही आकाराचा, पत्रा अडीच मिलिमीटरचा आणि सांधे वेल्डिंगचे. ‘सर, तुमी फिजिक्स शिकवताव न्हवं, मग सांगा कंची घ्यायची,’ असं दाजींनी फोनवर विचारलं आणि रविवारी सकाळी मी सोलापुरातून निघालो.

आधी धातूविषयी. आमच्या आईच्या लेखी ॲल्युमिनियम नावाची चीजच नाही. जे आहे ते ‘जर्मन’. जर्मनच्या पातेल्यात ताक ठेवायचं नाही, हा तिचा नियम. त्यामागचं रसायनशास्त्र तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण नियम बरोबर आहे. या धातूला हवा लागली की क्षणात त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर बसतो. लोखंडाचा गंज पापुद्र्यानं सुटतो आणि खालचा धातू उघडा पाडतो, हा थर मात्र घट्ट चिकटून राहतो. खरवडला तरी पुन्हा धरतो. आंबट पदार्थ त्याला विरघळवतो, म्हणून ताक नको. धरणाच्या गोड्या पाण्यात असला पत्रा रंग न लावताही वर्षानुवर्षं टिकतो. होडीसाठी सहसा मॅग्नेशियम मिसळलेला मिश्रधातू वापरतात. मात्र पितळेचा स्क्रू किंवा तांब्याची तार त्याला चिकटून ओली राहिली, की तिथे बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. दुसऱ्या होडीत कुणीतरी दिव्यासाठी पितळी पट्टी मारलेली होती. तिच्याभोवती पांढरी भुकटी आणि सुईएवढे खड्डे पडलेले दिसले.

ॲल्युमिनियम लोखंडाच्या एक तृतीयांश वजनाचं असतं, पण ताठपणाही जवळपास एक तृतीयांशच. मग फायदा कुठला? फायदा जाडीत आहे. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो. पत्रा साधारण दीडपट जाड घेतला, की तो पोलादाइतका ताठ होतो आणि वजन तरीही निम्म्यावरच राहतं. याच हिशेबानं अडीच मिलिमीटरचा पत्रा १.६ च्या पत्र्यापेक्षा जवळजवळ चौपट ताठ भरतो. पातळ पत्रा प्रत्येक लाटेला थोडा लवतो, रिव्हेट प्रत्येक वेळी केसभर हलतो, आणि काही वर्षांनी असे थेंब फुगतात. वेल्डिंगला ही तक्रार नाही, पण त्याची दुखणी वेगळी. सांध्याजवळचा पत्रा उष्णतेनं मऊ पडलेला असतो, आणि मोटर जिथे टांगतात त्या मागच्या फळीच्या कोपऱ्यांत बारीक चिरा जाऊ शकतात. तिथे नख फिरवून बघावं. आम्ही फिरवलं, चीर नव्हती.

इथवर माझं मत दुसऱ्या होडीकडे झुकलेलं. दाजी काही बोलले नाहीत. दोन्ही होड्या पाण्यात ढकलल्या आणि म्हणाले, ‘या व्ही मधी हुबं राहून जाळं वढून दावा.’

मी उभा राहिलो. जाळं धरायला एका कडेला सरकलो, तशी होडी त्या बाजूला अशी कलली की मी मुकाट्यानं खाली बसलो. दाजींचा पोरगा तोंडावर उपरणं धरून हसत होता. सपाट होडीत तेच केलं तर ती नाममात्र झुकली.

होडी कलली की एका बाजूचा तळ जास्त बुडतो, दुसऱ्या बाजूचा वर येतो. बुडालेल्या बाजूला पाण्याचा रेटा वाढतो आणि तोच होडीला पुन्हा सरळ करतो. हा सावरणारा जोर पाण्याच्या पातळीवर होडी किती रुंद आहे त्यावर अवलंबून असतो, तोही रुंदीच्या घनानं. सपाट होडी पाण्याशी १.२ मीटर रुंद होती. व्ही तळाची होडी वर तेवढीच रुंद, पण पाण्याच्या रेषेवर जेमतेम एक मीटर. फरक वीस सेंटिमीटरचा, पण घन केला की सावरण्याचा जोर चाळीस टक्क्यांहून जास्त घटतो. सपाट तळाला ओझंही सहज पेलतं. पाच चौरस मीटरच्या तळावर पन्नास किलोचा क्रेट ठेवला तर होडी फक्त एक सेंटिमीटर बसते.

पण सपाट होडीचा हा गुण दगाबाज आहे. ती शेवटपर्यंत ‘काही होत नाही’ असं दाखवत राहते, आणि एकदा काठ पाण्याखाली गेला की सावरणारा जोर एकदम संपतो. व्ही होडी लवकर कलते, पण कलता कलता तिच्या फुगीर कडा पाण्यात येतात आणि ती हळूहळू घट्ट होत जाते. पहिली आधी धीर देते, दुसरी आधी घाबरवते.

आणि उजनीचा वारा ही खरी परीक्षा. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी या वाटेवर संध्याकाळी वादळी वारा सुटून प्रवासी बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ते नाव काढलं की वस्तीवर आजही कुणी पुढे बोलत नाही. लाट किती मोठी होणार हे वाऱ्याचा वेग आणि वाऱ्याला मिळालेलं मोकळं पाणी यांवर ठरतं. ताशी चाळीस किलोमीटरचा वारा पाच किलोमीटर उघड्या पाण्यावरून आला, तर ढोबळ हिशेबानं चाळीस सेंटिमीटरची लाट उठते, आणि दोन लाटांमधलं अंतर असतं आठ-नऊ मीटर. समुद्रावर ही लाट म्हणजे काहीच नाही. पण सपाट होडीची मागची फळी १५ इंच, म्हणजे ३८ सेंटिमीटर उंच. मोटर बंद पडून होडी पाठमोरी राहिली, तर दोन-तीन लाटांत भरते. समोरून लाटा घेतल्या तर सपाट तळ प्रत्येक लाटेवर ढब ढब आपटतो. व्ही तळ पाणी कापत जातो.

मोटरीनं प्रश्न सोपा केला. विकणाऱ्याकडे १५ हॉर्सपॉवरची एकच होती, लांब दांडीची, म्हणजे २० इंची. व्ही होडीची फळी २० इंच, तिला ती चपखल. सपाट होडीवर तीच टांगली तर पंखा पाच इंच जास्त खोल जातो. उजनी उन्हाळ्यात मायनसमध्ये, म्हणजे वापराच्या साठ्याच्याही खाली गेली, की बुडालेल्या बाभळींचे बुंधे पाण्याच्या तोंडाशी येतात. तिथे पाच इंच म्हणजे रोज एक शिअर पिन, पंखा आदळला की मोटर वाचवायला तुटणारी खीळ. उलट आखूड दांडीची मोटर उंच फळीवर लावली, तर पंखा वरची हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि होडी जागची हलत नाही. पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत किंवा बोटभर खाली असावी. टेपनं मोजलं की पाच मिनिटांत कळतं, पण लोक हॉर्सपॉवर विचारतात, दांडी मोजत नाहीत.

राहिला बुडण्याचा प्रश्न. ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड, त्यामुळे लाकडी होडी भरली तरी तरंगते तशी ही तरंगत नाही. शंभर किलोच्या होडीला पाण्यात भरलेली असताना वर धरायला साधारण ६३ लिटर हलकं काहीतरी लागतं, चाळीस-पन्नास किलोच्या मोटरीसाठी त्याहून निराळं, आणि धरून राहणाऱ्या माणसांसाठी आणखी. दोन्ही होड्यांच्या बाकांखाली पांढरा थर्माकोल कोंबलेला होता. व्ही होडीत तो पेट्रोलच्या टाकीशेजारी होता आणि अर्धा विरघळून चिकट गोळा झालेला. थर्माकोल पेट्रोलमध्ये साखरेसारखा विरतो. त्यापेक्षा घट्ट बुचं लावलेले रिकामे प्लास्टिकचे कॅन बरे.

परतीच्या चहाला मी व्ही होडीचीच बाजू लावून धरली. दाजींनी ऐकून घेतलं, मग विचारलं, ‘मी पाण्यात कवा जातो?’ पहाटे चारला. जाळी बाभळींच्या पट्ट्यात, कमरेएवढ्या पाण्यात, चिलापी माशांसाठी. नऊच्या आत काठावर. वारा उठतो दुपारनंतर. पोराला पलीकडच्या काठावर क्रेट पोचवायचे होते, त्याला व्ही होडी हवी होती. पण ती घेऊन दाजींनी जाळं ओढायचं कुठून? माझा हिशेब धरणाचा होता, त्यांचा त्यातल्या दोन एकर पाण्याचा.

सपाट होडी घेतली. आखूड दांडीची मोटर दुसऱ्या ठिकाणाहून मिळाली. क्रेट रस्त्यानंच जातात, पोरगा अजून धुसफुसतो. सातही रिव्हेट एकानं आतून लोखंडी ठोकळा धरून आणि दुसऱ्यानं बाहेरून हातोडीनं बसवले. पुन्हा पाइप सोडला. पाच खुणा कोरड्या राहिल्या, दोन ओल्याच.