एडवर्ड्सचा विक्रम वाऱ्याने दिलेला नाही

ब्रिटनच्या जोनाथन एडवर्ड्सचा तिहेरी उडीतला १८.२९ मीटरचा विश्वविक्रम ‘वाऱ्याच्या जोरावर’ झाला, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे साफ चुकीचं आहे. दोन वेगळ्या उड्यांची इथे सरमिसळ झाली आहे.

जून १९९५ मध्ये फ्रान्समधल्या युरोपियन कपमध्ये त्याने १८.४३ मीटर उडी मारली. पाठीमागून वारा होता सेकंदाला २.४ मीटर. विक्रमासाठी मर्यादा २.० ची, म्हणून ती उडी स्पर्धेच्या निकालात धरली गेली, विक्रमाच्या यादीत नाही.

विक्रम झाला ७ ऑगस्टला, स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या जागतिक स्पर्धेत. पहिलीच उडी १८.१६, दुसरी १८.२९. दोन्ही वेळी वारा १.३, म्हणजे मर्यादेच्या बराच आत. दुसऱ्या उडीचे तीन टप्पे पाहा: ६.०५, ५.२२ आणि ७.०२ मीटर. दोन टप्प्यांनंतर शेवटी सात मीटर जायला वेग शिल्लक असावा लागतो, आणि एडवर्ड्सची खरी ताकद तीच होती.

वारा मोजतात तोही अंदाजाने नाही. खेळाडू उडीच्या फळीपासून ३५ मीटरवरची खूण ओलांडतो, तिथून पाच सेकंद मोजणी चालते. यंत्र फळीपासून २० मीटरवर, धावपट्टीलगत, १.२२ मीटर उंचीवर असतं. आकडा वरच्या दशांशात धरतात, २.०३ आला तर नोंद २.१, आणि विक्रम गेला.

गोथेनबर्गच्या आधी, १८ जुलैला स्पेनमधल्या सालामांकात एडवर्ड्सने १७.९८ मीटर उडी मारून अमेरिकेच्या विली बँक्सचा १९८५ पासूनचा १७.९७ चा विक्रम मोडला होता. तिथेही वारा नियमातच होता.